टायर तपासणारे रामटेके काका

रामटेके काका भेटल्यावर कोणालाही "कसे आहात" असं विचारत नसत. ऑक्टोबर ते एप्रिल या सात महिन्यांत त्यांचा एकच प्रश्न असे, "प्रेशर किती आहे?" नवा माणूस गोंधळून आपला रक्तदाब सांगायचा. मीही सांगितला होता. काका माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाले, "टायरचं विचारून राहिलो."

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीतला आमचा तो पहिला हिवाळा. मी आणि माझा नवरा निनाद चिंचवडहून आलेलो. बर्फ आम्ही फक्त कुलू-मनालीच्या फोटोंत पाहिलेला. रामटेके काका-काकूंचं घर आमच्या समोरच होतं. काका नागपूरचे. तिथे इंजिनियरिंग करून ते इकडे आले आणि रबरी सील बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. बुटके, काटकुळे, कानांवर येणारी लोकरीची टोपी घातलेले. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी प्रेशर मोजायची दांडी आणि एक क्वार्टरचं, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं. काखेत गुंडाळलेली जुनी योगा मॅट. ती घरापुढच्या ड्राइव्हवेवर अंथरून ते गुडघे टेकायचे आणि टायरच्या खाचेत नाणं उलटं घालून बघायचे. नाण्यावरच्या डोक्याचा शेंडा दिसला, की तो टायर त्यांच्या लेखी बर्फासाठी संपला.

निनादने सेकंडहँड ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली होती आणि तो त्या आनंदात होता. "चारही चाकांना पॉवर आहे काका, काही टेन्शन नाही," तो म्हणाला. काकांनी वाद घातला नाही. ते आम्हाला घरात घेऊन गेले आणि त्यांनी फ्रीझर उघडला. मटारच्या पाकिटाशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत रबराच्या दोन पट्ट्या होत्या. एक बाराही महिने चालणाऱ्या टायरची, दुसरी हिवाळी टायरची. दोन्ही त्यांनी निनादच्या हातात दिल्या. "वाकवून पाहा." पहिली वाकेना. दुसरी सहज वाकली.

"सात डिग्रीच्या खाली हे रबर लाकूड होते," काका म्हणाले. "लाकडाच्या चाकावर चारही बाजूंनी पॉवर दिली तं काय होईल? गाडी पळेल. पण थांबेल कशावर?"

स्वयंपाकघरातून सुनंदाकाकू म्हणाल्या, "आता तुम्हाला बादली दाखवल्याशिवाय राहत नाहीत ते."

बादली खरंच दाखवली. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये काकांनी रंगाची एक रिकामी नारिंगी बादली बर्फात मधोमध ठेवली. निनादला लांबून ताशी वीस मैलांच्या वेगाने यायला सांगितलं आणि ठरलेल्या खांबापाशी ब्रेक. गाडी निघाली मस्त, जराही न घसरता. खांबापाशी निनादने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, अगदी निवांत घसरत गेली आणि बादलीला उडवून पुढे दोन गाड्यांच्या अंतरावर थांबली. निनाद हसायला लागला. काका हसले नाहीत. बर्फातून चालत जाऊन त्यांनी बादली उचलली, झटकली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

"ही बादली नाही," ते म्हणाले. "रस्त्यावर उतरलेला माणूस आहे. पुन्हा ये."

पुढच्या आठवड्यात आम्ही चार हिवाळी टायर घेतले. निनाद दोनच घ्यायचं म्हणत होता. काका म्हणाले, "चारही चाकं पॉवर खातात, तं चारहींचे पाय सारखे पाहिजेत." टायर बसवल्यावर पुन्हा तोच लॉट, तीच बादली. या वेळी गाडी बादलीच्या बरीच अलीकडे थांबली. मग काकांनी मला चालवायला बसवलं. वळणावर ब्रेक दाबायचा नाही, वळणाच्या आधी दाबायचा. गाडी घसरली तर जिथे जायचं आहे तिकडे बघायचं, ज्याला धडकायची भीती वाटते तिकडे नाही. रुतली तर चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून हळूहळू पुढे-मागे झुलवायची, आणि तसं करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, नाहीतर धूर आत येतो. हे सगळं ते एकाच सुरात, न कंटाळता सांगायचे. पुण्यात मी स्कूटरसुद्धा धड चालवली नव्हती, पण त्या लॉटमध्ये मी मिनेसोटाच्या बर्फात गाडी चालवायला शिकले.

लोक त्यांना पाठीमागे 'टायरवाले काका' म्हणत. वाढदिवसाला बोलावलं, तर केक कापायच्या वेळी काका बाहेर ड्राइव्हवेवर पाहुण्यांच्या गाड्यांशी वाकलेले असत. आत येऊन ते सरळ सांगत, "ती निळी गाडी कोणाची? मागचे दोन्ही गेले आहेत." चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम असे. तेव्हाही कधीकधी बर्फ पडे, आणि काका भाषण सोडून हॉलच्या पार्किंगमध्ये फिरत. काही लोक हसत, काही चिडत. एकाने तोंडावर सांगितलं, "काका, माझी गाडी आहे, माझा जीव आहे." काका म्हणाले, "तुझ्या जिवासाठी कोण विचारून राहिलं?"

हे मला तेव्हा फार तुसडं वाटलं होतं. त्याचा अर्थ कळायला दुसरा हिवाळा उजाडला.

त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. मी काकूंकडे विरजण मागायला गेले. काका तळघरातल्या कॉम्प्युटरसमोर चहा घेऊन बसले होते. पडद्यावर शेजारच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा नकाशा होता आणि त्यावर छोटे नारिंगी ठिपके हळूहळू सरकत होते. मी विचारलं हे काय. काका उठून वर निघून गेले. काकू म्हणाल्या, "प्लाऊ आहेत. बर्फ ढकलणारे ट्रक. एका ठिपक्यात राहुल आहे. बोलत नाहीत त्याच्याशी, पण बर्फ थांबेपर्यंत ठिपका पाहत राहतात."

राहुल त्यांचा एकुलता एक मुलगा. इथेच जन्मलेला. मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याने कॉलेज सोडलं, जड वाहनांचं लायसन्स काढलं आणि काउंटीच्या रस्ते खात्यात लागला. उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, हिवाळ्यात प्लाऊ चालवायचा. त्याला ते काम मनापासून आवडत होतं. काका त्याच्यावर ओरडले नाहीत. फक्त बोलायचे थांबले. त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

काकांचे वडील बांधकाम खात्यात मैलकुली होते. ठरलेले काही मैल रस्ता त्यांच्याकडे असायचा. खड्डे भरायचे, गवत काढायचं, पावसात वाहून गेलेली खडी परत आणून टाकायची. सगळी नोकरी अनवाणी झाली. काका शाळेत पहिले आले तेव्हा वडिलांनी रस्त्याच्या कडेला उभं करून सांगितलं होतं, या रस्त्यावरून जा, या रस्त्यावर राहू नको. हे मला काकूंनी सांगितलं. काका स्वतः त्याबद्दल एकदाच बोलले. आम्ही गॅरेजमध्ये टायर बदलत होतो. नट आवळता आवळता ते म्हणाले, "नागपूरहून इतक्या लांब आलो, आणि मैलकुलीचा नातू मैलकुली झाला." मी म्हटलं, "काका, इथे त्या कामाला कोणी कमी समजत नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे. माझ्या बापाला कोण सांगेल?"

राहुल रविवारी दुपारी घरी यायचा. त्या वेळेला काका लायब्ररीत जायचे. दोघांनी ते न बोलता ठरवून घेतलं होतं. मला तो एकदाच नीट भेटला. उंच, दाढीवाला, नळाखाली आडवा पडून काकूंच्या किचनचा पाइप बसवत होता. तोडक्या मराठीत म्हणाला, "ताई, बाबा अजून सगळ्यांचे टायर चेक करतो?"

मी म्हटलं, "हो, रोज."

"गुड," तो म्हणाला. "ऑल-व्हील ड्राइव्हवाले आर द वर्स्ट. मी प्लाऊ घेऊन जातो ना, दे पास मी लाइक आय ॲम पार्क्ड. मग पुढे जाऊन खड्ड्यात." तो हसला. "टेल हिम आय सेड दॅट."

मी काकांना सांगितलं. ते बर्फ काढत होते, काढायचे थांबले. "आणखी काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. आणखी काही नव्हतं. मी उगीच आठवून बघितलं. काका म्हणाले, "जेवून गेला का?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फावडं उचललं.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर काकांनी एक जॅकेट मागवलं. भगभगीत पिवळं, पाठीवर चमकणारे पट्टे असलेलं. संध्याकाळी त्यांनी ते माझ्या अंगावर चढवलं आणि मला रस्त्याच्या टोकाला उभं केलं. स्वतः गाडीत बसून त्यांनी दिवे टाकले. मग चालत आले. "दिसते," एवढंच म्हणाले आणि जॅकेटची घडी करून काकूंना दिलं. काकूंनी ते राहुलला दिलं. कोणी पाठवलं ते सांगितलं नाही, पण राहुलने विचारलंही नाही. तेव्हापासून तो तेच घालायला लागला. मला वाटायचं, आता वर्षा-दीड वर्षात हे दोघं बोलतील. काकूंनाही तसं वाटत होतं. त्यांनी नववर्षाला तिघांसाठी पुरणपोळ्या करायचं ठरवलं होतं. राहुलला ड्यूटी लागली आणि ते राहून गेलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला काकूंचा फोन आला. मी ऑफिसला निघायच्या तयारीत होते. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मी धावत गेले. काका गॅरेजमध्ये गाडीच्या दाराशी किल्ली हातात घेऊन उभे होते. दार उघडत नव्हते, आत बसत नव्हते, नुसते उभे होते. मला बघून म्हणाले, "तुझ्या गाडीनं जाऊ. तू चालव."

राहुलच्या प्लाऊच्या मागच्या दिव्यांवर बर्फ साचून गोठला होता. मागच्यांना ट्रक दिसेना म्हणून तो रस्त्याच्या कडेला थांबून, खाली उतरून ते दिवे साफ करत होता. मागून आलेल्या गाडीला तो दिसला. चालवणाऱ्या बाईने ब्रेकही वेळेवर दाबला. गाडी थांबली नाही.

हॉस्पिटल पस्तीस मिनिटांवर होतं. निम्म्या वाटेत, दोन लेनच्या रस्त्यावर, आमच्यापुढे एक प्लाऊ आला. पंचवीसच्या वेगाने चालला होता आणि मागे बर्फाचा पांढरा धुरळा उडवत होता. काही मैल मी मागे राहिले. मग एक सरळ, उघडा पट्टा आला. समोरून कोणी येत नव्हतं. माझे टायर चांगले होते, गाडी जाऊ शकली असती. मी इंडिकेटर दिला.

"ओलांडू नको," काका म्हणाले.

"काका, समोर कोणी नाहीये."

"धुरळ्याच्या पलीकडचं तुला दिसून राहिलं का? मागंच राहा. लांब राहा."

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "जाऊ द्या ना तिला. पोरगा वाट पाहत असेल."

काकांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. "नाही," ते म्हणाले.

मी इंडिकेटर बंद केला. त्या प्लाऊच्या मागे आम्ही आणखी अठरा मिनिटं गेलो. मी घड्याळाकडेच बघत होते. हॉस्पिटलच्या दारात राहुलचा सुपरवायझर टोपी हातात घेऊन उभा होता. राहुलला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

निरोपाच्या दिवशी फ्युनरल होमच्या हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील झालं. आमची माणसं पुढे बसली होती. मागच्या भिंतीला लागून नारिंगी जॅकेट घातलेली तीस-चाळीस माणसं उभी होती, मोठमोठी, लालभडक हातांची. त्यांना पाली शब्द कळत नव्हते, पण आम्ही हात जोडले तेव्हा त्यांनीही जोडले. सुपरवायझर बोलला. राहुलच्या रूटवर किती मैल होते, कुठे म्हाताऱ्या जोडप्याचं घर होतं, कुणाची डायलिसिसची वेळ असते म्हणून तो कोणता रस्ता आधी साफ करायचा, हे सगळं त्याने सांगितलं. "त्या रस्त्यावरच्या माणसांना हक्काचा एक माणूस होता," तो म्हणाला. काकूंना त्याचं भराभर इंग्रजी समजलं नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी वाक्य-वाक्य करून सगळं मराठीत सांगितलं. आवाज कुठेही थांबला नाही. शेवटी म्हणाले, "माझ्या बापासारखाच होता म्हणते." सुपरवायझरने असं काही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर काकू काकांशी बोलायच्या बंद झाल्या. भांडण नाही, काही नाही. मी गेले की म्हणायच्या, "त्यांना सांग, ताट वाढलंय." काका चार पावलांवर बसलेले असायचे. ते उठून यायचे, जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे. पाच वर्षं मुलाशी न बोलता काढलेला माणूस त्या अबोल्याबद्दल काय बोलणार होता? एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, मी तेव्हा तुमचं ऐकायला नको होतं. गाडी पुढे घालायला हवी होती."

"नाही," ते म्हणाले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "त्या ट्रकमध्येही कोणाचा तरी..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

मार्चअखेरीला ती गाडी चालवणारी बाई आली. लिंडा नाव तिचं. साठीची, शाळेच्या कँटीनमध्ये काम करणारी. तिची मुलगी तिला घेऊन आली होती. मी नेमकी डबा द्यायला गेले होते. तिने आधी पत्र पाठवलं होतं आणि काकांनी "या" असं कळवलं होतं. काकू आतल्या खोलीत निघून गेल्या. लिंडा सोफ्याच्या कडेवर बसली. कोट काढेना. काकांनी स्वतः चहा केला, आलं किसून घातलं, कप तिच्या हातात दिला आणि कप हलतोय असं दिसल्यावर तो खालून धरून ठेवला.

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे गाडी सांभाळून घेईल. टायर मी गेल्या वर्षीच—"

"प्लीज," काका इंग्रजीत म्हणाले. "चहा घ्या. गार होईल."

तिने दोनदा पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा काकांनी तिला बोलू दिलं नाही. तिला त्यांनी राहुलच्या लहानपणाचे फोटो दाखवले. ती रडली. काका शेजारी बसून राहिले. अर्ध्या तासाने ती उठली तेव्हा पायऱ्यांवर बर्फ होता, म्हणून त्यांनी तिचा हात धरून तिला गाडीपर्यंत पोचवलं. मी खिडकीतून बघत होते. गाडी तिच्या मुलीची होती. ज्या माणसाने गावभरच्या गाड्यांसमोर गुडघे टेकले, त्याने त्या गाडीच्या चाकांकडे खाली बघितलंही नाही.

ते आत आले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तिला बोलू तरी द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. दीड महिन्यात त्या पहिल्यांदा काकांशी बोलल्या होत्या.

"ती काय सांगणार आहे ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "तिनं ते आपल्या तोंडानं काहून सांगावं?"

काकूंनी लिंडाचा अर्धा राहिलेला कप उचलला. मग दुसरा कप भरून काकांच्या हातात दिला. मी गुपचूप बाहेर पडले.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये काका कोणाच्या ड्राइव्हवेवर दिसले नाहीत. लोकांनाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. 'माझा जीव आहे' म्हणणारा माणूस स्वतः गाडी घेऊन त्यांच्या दारात आला आणि "काका, जरा बघता का?" म्हणाला. काका म्हणाले, "दुकानात दाखव. ते चांगलं पाहतात." फ्रीझरमधल्या पट्ट्या काकूंनी टाकून दिल्या की काकांनी, ते मी विचारलं नाही. तळघरातला कॉम्प्युटर मात्र बंद असायचा.

वसंतात त्यांनी घर विकलं आणि दोघं नागपूरला परत गेले. गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. काका दुपारचं जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. काकू शांतपणे बोलत होत्या. निनादची, माझ्या नोकरीची चौकशी केली. नागपुरात किती ऊन आहे ते सांगितलं. मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी ऐकलंस त्यांचं, ते बरं केलंस. मला तेव्हा म्हणता आलं नाही."

काकांना मी तसं नंतरही पाहिलं होतं, पॅकिंगच्या गडबडीत, विमानतळावर. पण डोळ्यांसमोर येते ती त्या शेवटच्या, राहुलनंतरच्या हिवाळ्यातली एक सकाळ. रात्रभर आठ इंच बर्फ पडला होता. मी ऑफिसला निघाले होते. काकांनी आपला ड्राइव्हवे नुकताच साफ केला होता. अगदी कडेपर्यंत, खालचं डांबर दिसेल असा. दीड-दोन तास तरी लागले असतील. तेवढ्यात वळणावरून प्लाऊ आला. काका फावडं घेऊन बाजूला, गवतावरच्या गुडघाभर बर्फात जाऊन उभे राहिले. प्लाऊ धडधडत गेला आणि जाता जाता त्याने रस्त्यावरचा सगळा बर्फ काकांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलला. मातकट, ढेकळांचा, कमरेएवढा ढीग. आमच्या गल्लीत या क्षणी प्रत्येक जण त्या ड्रायव्हरला शिव्या घालतो. मीही घालते.

काकांनी कानावरची टोपी काढली. बाहेर उणे वीस असेल. प्लाऊ कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत ते तसेच उघड्या डोक्याने उभे होते. मग टोपी घातली, ढिगापाशी आले आणि एका टोकापासून पुन्हा उपसायला लागले.